सुंठीवाचून खोकला

खोकल्यावरची मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध म्हण सुंठीची आहे, आणि गंमत म्हणजे त्या म्हणीत सुंठ कोणी घेतलेलीच नाही. 'सुंठीवाचून खोकला गेला.' नको असलेला पाहुणा आपणहून निघाला, कटकटीचं काम परस्पर मिटलं, की आपण असं म्हणतो. पण ही म्हण रुळायच्या आधी कितीतरी घरांनी एक गोष्ट पाहिली असणार. सुंठ सहाणेवर उगाळायला घ्यावी, तोवर पुष्कळदा खोकला गेलेला असतो. आजचे बालरोगतज्ज्ञ वेगळं काय सांगतात? लहान मुलांची सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूमुळे होते आणि बहुतेक वेळा आपली आपण बरी होते. गरज असते ती विश्रांतीची, पातळ पेजेची आणि लक्ष ठेवणाऱ्या माणसाची.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरनंतर मला ही म्हण हसत हसत वापरता येत नाही. त्या दिवसांत छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, साध्या सर्दी-तापासाठी कफ सिरप दिलेली मुलं एकामागून एक दगावली. वीसहून अधिक मुलं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपचा नमुना तामिळनाडूत तपासला गेला, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यांत वापरायचं रसायन. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्के. अनेक मुलांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं, आणि छिंदवाड्याहून नागपूरला जायचा रस्ता आमच्या सौंसरवरूनच जातो. सौंसर २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात गेलं. त्याआधी आम्हीही छिंदवाडा जिल्ह्याचेच. ती मुलं आम्हाला दुसऱ्या जिल्ह्याची वाटलीच नाहीत.

अशा बातमीनंतर घराघरांत काय बोललं जातं ते वेगळं सांगायला नको. "काहून पाजता त्या बाटल्या पोराले? घरी सुंठ नाही का?" व्हॉट्सअपवर हळद-दूध, तुळशीचा काढा, ओव्याची पुरचुंडी, सगळं धो-धो वाहायला लागतं. प्रत्येक मेसेजचा सूर एकच: बाजारातलं औषध म्हणजे विष, स्वयंपाकघरातलं ते अमृत.

पहिल्या वाक्यातला राग मला पूर्ण समजतो. दुसऱ्या वाक्यावर मात्र माझा आक्षेप आहे. माझं म्हणणं एवढंच: मिसळणाचा डबा हा जेवणाचा डबा आहे. त्याला दवाखाना केलं की दोन्हीकडून नुकसान होतं. जेवणाची खरी किंमत कळत नाही, आणि औषधाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे ते सुटतात.

आधी डब्याच्या बाजूने बोलते, कारण त्याच्यावर माझं प्रेम आहे.

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना 'सांबारवडी' म्हटलं की डोळ्यांसमोर इडलीची वाटी येते. वडीत मात्र भरलेली असते ती मूठमूठ हिरवी पालेभाजीच. पावसाळा लागला की बांधावर, रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो. त्याची कोवळी पानं लसूण-मिरचीवर परतून खातात. अंबाडीची आंबट भाजी, ज्वारीची भाकर, बाजूला जवसाची चटणी. हिवाळ्यात डिंकाचे आणि मेथीचे लाडू. बाळंतिणीला आळिवाची खीर. पुरणात जायफळ, भज्यांत ओवा, वरणाला हिंग-जिऱ्याची फोडणी. यातली प्रत्येक गोष्ट कोणीतरी कधीतरी 'गुणकारी' म्हणून सांगितलेली आहे, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. जवसात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्लं भरपूर असतात. शाकाहारी माणसाला ती मिळण्याच्या उत्तम साधनांपैकी ते एक. आळिवात लोह असतं. ओव्याला जो वास येतो तो थायमॉलचा, आणि थायमॉल जंतूंना आवरतं.

पण रोजच्या तब्येतीच्या हिशेबात मसाल्याचं सगळ्यात मोठं काम मला वेगळंच दिसतं. मसाला आपल्याला साधं अन्न आवडीने खायला लावतो. नुसती उकडलेली तूरडाळ कोण रोज खाईल? हिंग-जिऱ्याची फोडणी पडली की तीच डाळ माणूस वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस खातो. कडवट तरोटा लसणावर परतला की पोरंही ताटात ठेवत नाहीत. तब्येत राखते ती डाळ, भाजी, भाकर. मसाला त्यांना ताटापर्यंत आणि तोंडापर्यंत आणतो. हे काम लहान नाही. ते औषधाचं मात्र नाही.

आता हळदीकडे येऊ, कारण आजकाल सगळ्यात जास्त ओझं तिच्यावर टाकलंय.

हळदीतला ज्याचा गवगवा होतो तो घटक म्हणजे कर्क्युमिन. हळदीच्या पुडीत तो साधारण तीन टक्के असतो. चार-पाच माणसांच्या वरणात अर्धा चमचा, म्हणजे दीड-एक ग्रॅम हळद पडते असं धरा. माणशी कर्क्युमिन आलं दहा मिलिग्रॅमच्या आसपास. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक प्रसिद्ध प्रयोग छापला. त्यात निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं, आपल्या वाटीभर वरणातल्यापेक्षा दोनशेपट. एवढं देऊनही रक्तात ते जवळपास सापडलंच नाही. सोबत वीस मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिल्यावर शोषण वीसपट वाढलं. ही 'वीसपट'ची गोष्ट तुम्ही रीलमध्ये नक्की ऐकली असेल. 'दोन ग्रॅम' मात्र रीलमध्ये नसतं. तेवढं कर्क्युमिन हळदीतून मिळवायचं तर एका वेळी सत्तरेक ग्रॅम हळद खावी लागेल.

आणखी एक गोष्ट रीलमध्ये नसते. पिपरिन हळदीला आत नेतं, कारण आतड्यातली आणि यकृतातली बाहेरचे पदार्थ निकामी करणारी यंत्रणा ते मंदावतं. ही यंत्रणा फक्त हळदीसाठी नाही. फिटचं किंवा दुसरं एखादं औषध रोज घेणाऱ्या माणसाने पिपरिनच्या कॅप्सूल सुरू केल्या, तर त्या औषधाचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. चार मिरे भातात घातल्याने असं काही होत नाही. कॅप्सूल म्हणजे मात्र चार मिरे नव्हेत.

आपल्या पूर्वजांनी याच्यावरही म्हण करून ठेवली आहे: 'पी हळद नि हो गोरी.' उतावळ्या माणसाची ही टिंगल आहे. हळदीला मान देणाऱ्या, लग्नात अंगाला लावणाऱ्या, पूजेत वाहणाऱ्या समाजानेच ती केली. हळद चांगली, पण प्यायल्याबरोबर गुण येतो म्हणणारा हास्यास्पद, एवढा विवेक त्या चार शब्दांत आहे. आज तीच हळद कॉफीशॉपमध्ये 'टर्मरिक लाटे' होऊन येते आणि कपावर प्रतिकारशक्तीची हमी छापलेली असते. म्हण जुनी झाली, असं मला अजिबात वाटत नाही.

कोणी म्हणेल, दोन-चार घोट जास्त प्यायले तर बिघडतं काय? करोनाच्या काळात आपण ते पाहिलं. मार्च २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सल्ला दिला: तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे यांचा काढा घ्या, हळद-दूध घ्या, स्वयंपाकात हळद, जिरं, धणे, लसूण वापरा. सल्ला मोजका होता. लोकांनी त्याचं काय केलं? दिवसातून पाच-पाच वेळा काढा, त्यात गुळवेल, त्यात ज्येष्ठमध, जे ऐकलं ते. ज्येष्ठमध घशाला बरं वाटतं, पण जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले; पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांतून असेच रुग्ण नोंदले गेले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की खऱ्या गुळवेलीत दोष नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल लोकांनी घेतली असावी. या वादात मी पडत नाही. पण दोन्ही बाजूंतून निघतं ते एकच: वेल ओळखता आली पाहिजे, किती घ्यायची ते ठाऊक पाहिजे, आणि कोणी घेऊ नये तेही. एवढं सगळं लागतं म्हणजे ते औषध झालं. मग औषधाला जे प्रश्न विचारतो तेच त्यालाही विचारायला नकोत का?

गंमत म्हणजे जुन्या बायका हे प्रश्न विचारत होत्या. बाळगुटी आठवा. हिरडा, जायफळ, हळकुंड, सुंठ, वेखंड सहाणेवर उगाळायचं आणि मोजायचं ते वळशांत. इतक्या दिवसांच्या बाळाला याचा एकच वळसा, त्याचा अर्धा. महिना सरला की एक वाढवायचा. वळसा हे माप आहे. आजचे डॉक्टर सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणतात, तेच ऐकावं. पण गुटी देणाऱ्या बाईच्या हाताला प्रमाणाचं भान होतं, हे मान्य करायला हवं. फॉरवर्ड झालेल्या मेसेजमध्ये वळसा उरत नाही, नुसती सुंठ उरते. 'एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोटुलिझम होऊ शकतो,' हे वाक्य त्या 'सुंठ-मध द्या' मेसेजच्या खाली मी एकदाही पाहिलेलं नाही.

मग परंपरेचा अभिमान सोडून द्यायचा का? मुळीच नाही. पण अभिमान कसा सिद्ध करायचा याचं उदाहरण आपल्या मराठी माणसानेच घालून दिलं आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळद' या गोष्टीचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेने पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? 'आमच्या आज्या शेकडो वर्षं लावतात' एवढ्यावर नाही. बत्तीस लिखित संदर्भ पुढे ठेवले गेले. त्यात जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ मध्ये छापलेला लेखही होता. आजीचं ज्ञान टिकलं ते कोणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून. आणि त्या विजयाचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. हे ज्ञान नवं नाही, आमचं जुनं आहे, एवढं तिथे सिद्ध झालं. हळदीने कोणता आजार किती बरा होतो, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. त्याचं उत्तर प्रयोगानेच मिळेल.

पुन्हा त्या सिरपकडे येते, कारण हा सगळा विषय माझ्यासाठी तिथून सुरू झाला.

डायएथिलीन ग्लायकॉल आपल्याला नवं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्णांचे बळी घेतले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचे वाभाडे निघाले. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी तेच रसायन, तसेच मृत्यू, फक्त या वेळी लहान मुलं. अशा वेळी 'घरचा काढा द्या' हा सल्ला ऐकायला प्रेमळ वाटतो, पण त्याच्या पोटात एक क्रूर गोष्ट दडलेली आहे. तो दोष आईकडे सरकवतो. तू बाटली कशाला आणलीस? तुला सुंठ उगाळता येत नव्हती? अरे, त्या आयांनी लेकराला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी लिहून दिलं ते आणलं, वेळेवर पाजलं. त्यांनी करायचं ते सगळं केलं. ज्यांनी प्रत्येक बॅच तपासून मगच बाजारात सोडायची होती, त्यांनी ते केलं नाही. प्रश्न तिथे विचारायचा. आपण काढ्याच्या कौतुकात रमलो तर तो प्रश्न थंड पडतो.

आणि तपासणीपासून स्वयंपाकघराचीही सुटका नाही. बांगलादेशात हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट लावत असत. म्हणजे रोजच्या जेवणातून शिसं. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघड केलं, सरकारने बाजारात तपासण्या केल्या, दंड केले, आणि दोन वर्षांत बाजारातल्या नमुन्यांतून ती भेसळ नाहीशी झाली. ज्या हळदीला आपण घरचं अमृत म्हणतो तीसुद्धा कोणीतरी प्रयोगशाळेत तपासली तरच अमृत. सिरपची बाटली आणि हळदीची पुडी, दोन्ही निरीक्षकांच्याच भरवशावर आपल्या घरात येतात.

आमच्या कॅथलिक बायबलमध्ये सिराक नावाचा एक ग्रंथ आहे. त्याचा अडतिसावा अध्याय मला या बाबतीत फार समतोल वाटतो. देवाने औषधं मातीतून उगवली आहेत, शहाण्याने ती तुच्छ मानू नयेत, असं तो सांगतो. आजारपणात प्रार्थना कर म्हणतो. आणि लगेच पुढे म्हणतो, वैद्याला जागा दे, त्याला दूर करू नकोस, त्याचीही गरज आहे. झाडपाला, प्रार्थना आणि डॉक्टर यांच्यात भांडण लावायची गरज दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला वाटली नाही. सौंसरजवळ जामसावळीच्या हनुमानाला दुखणेकरी येतात, त्यांच्याबद्दलही मला हेच म्हणावंसं वाटतं. तीर्थ घ्या, अंगारा लावा. पण पोर धापा टाकतंय, पाणी पीत नाही, गुंगीत आहे, लघवी कमी झाली, तर दवाखान्याची वाट धरा. तेव्हा सुंठीसाठी थांबायचं नाही.

आपल्या मंडळाने यात काय करावं? आपण साहित्याची माणसं, पण शब्द तर आपलेच. मराठीत 'अन्न' आणि 'औषध' यांच्या मधोमध बसणारा एक सुंदर शब्द आहे: पथ्य. आजारी माणसाने काय खावं, काय टाळावं, किती दिवस. पथ्य औषधाच्या सोबतीला असतं, त्याच्या जागी येत नाही. आणि 'घरात औषधालाही साखर नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा औषध म्हणजे अगदी थोडं, मोजकं, हे भाषाच सांगत असते. हे शब्द रोजच्या बोलण्यात परत आणावेत, असं मला वाटतं.

दुसरं काम वहीचं आहे. या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरातल्या, गल्लीतल्या एका जाणत्या बाईजवळ बसावं आणि लिहून घ्यावं. वनस्पतीचं आपल्याकडचं नाव काय, कारण तरोट्याला आणि सांबाराला दहा गावांत दहा नावं. कोणता भाग वापरतात. कोणत्या महिन्यात मिळतो. जेवणात कसा करतात. औषध म्हणून देत असतील तर किती वळसे, कोणाला, आणि कोणाला अजिबात नाही. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तसंच लिहावं, 'सांगितलं नाही.' आमच्या भागात ही माहिती मराठीत आहे आणि शाळा हिंदीत. एक पिढी गेली की 'ओवा' आणि 'अजवायन' एकच हेही पोरांना सांगावं लागेल. या नोंदी आपल्या अंकात छापता येतील. मग एखादा डॉक्टर किंवा वनस्पतिशास्त्राचे आपलेच सर त्या तपासतील, चूक असेल तिथे लाल रेघ मारतील. त्या लाल रेघेने आजीचा मान कमी होत नाही.

तोवर वरणाला फोडणी द्या, तरोटा मिळाला तर खा, हिवाळ्यात लाडू करा. आणि पुढच्या वेळी कोणी सिरपच्या बातमीखाली सुंठीचा मेसेज टाकला, तर त्याला एवढंच विचारा: ही बॅच तपासली कोणी?